जपानला फिरायला गेल्यावर तिथल्या पारंपरिक चहाच्या समारंभाला जावं का? तिथे नेमकं काय होतं?

प्रश्नाखाली तुम्ही दिलेला तपशील वाचला. एप्रिलमध्ये क्योतोला जाताय, सोबत आई-बाबा आहेत, बाबांचे गुडघे दुखतात, घरात सगळे शाकाहारी, आणि वाटीभर चहासाठी माणशी तीन-चार हजार येन मोजायचे का, ही शंका. मी नोकरीनिमित्त तीन वर्षं ओसाकात होते. तेवढ्या काळात तीनदा असा चहा प्यायले. एकदा पैसे वाया गेले, एकदा वसूल झाले आणि एकदा पैशांचा प्रश्नच नव्हता. म्हणून जावं की नाही यापेक्षा कुठे जावं, हे सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं.

वाया गेलेली आधी उरकते. क्योतोतल्या ऐन गर्दीच्या भागातली एक जागा होती. आम्ही पंचवीसेक जण, सगळ्यांना भाड्याचे किमोनो चढवलेले. समोर एक मुलगी कानाला माइक लावून पाठ केलेलं इंग्रजी बोलत होती. तिने एक वाटी चहा घुसळून दाखवला, बाकीच्यांचा आतून ट्रेमधून आला. (चहा आतून येणं ही काही फसवणूक नव्हे. खऱ्या मोठ्या चहा-मेळाव्यांतही पहिल्या एक-दोन पाहुण्यांपुरताच समोर करतात, उरलेल्यांचा आतून करून आणतात. हे मला नंतर कळलं.) पण चहाला दहा मिनिटं आणि फोटोंना पाऊण तास, म्हणजे लग्नातल्या स्टेजसारखंच झालं. तुम्हाला किमोनोतले फोटो हवे असतील तर अशा जागा वाईट नाहीत. चहा बघायचा असेल तर दहापेक्षा जास्त माणसं घेणाऱ्या जागेच्या वाटेला जाऊ नका.

'समारंभ' हा आपला शब्दच मुळात फसवतो. ऐकला की हारतुरे आणि सतरंज्या आठवतात. जपानी माणूस याला चानोयु म्हणतो, शब्दशः 'चहाचं गरम पाणी'. किंवा सादो, म्हणजे चहाची वाट. प्रत्यक्षात एक माणूस तुम्हाला घरी बोलावतो, तुमच्यासमोर बसून स्वतःच्या हाताने चहा करतो आणि तुम्ही तो पिता, एवढंच. फक्त यातली एकही हालचाल उगीच नसते. मला सगळ्यात जवळचं काही वाटलं असेल तर ती घरातली पूजा. आधीच स्वच्छ असलेलं भांडं पुन्हा पुसायचं, पळीसारख्या बांबूच्या डावाने पाणी घ्यायचं, प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. देव तेवढा नाही. त्या जागी पाहुणा बसलेला असतो.

पैसे वसूल झाले ते उजीत. क्योतोहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत पोचता. जपानी चहात या गावाला मान आहे. तुमच्या खिशात 10 येनचं नाणं असेल तर काढून बघा, त्यावरची इमारत म्हणजे उजीचं ब्योदोइन मंदिर. त्याच्या जवळच, नदीकाठी, ताइहोआन नावाचं नगरपालिकेचं चहाघर आहे. दर क्योतोच्या मानाने पुष्कळ कमी. किमोनो नाही, माइक नाही. मी नोव्हेंबरात आईला घेऊन गेले होते. ती नाशिकहून महिनाभर आली होती आणि दोन आठवडे 'तुमच्या जपानात चहा म्हणून काहीही देतात' हे पालुपद चाललं होतं.

आधी मिठाई येते. आपण ती चहाबरोबर खायची म्हणून थांबतो, आणि इथेच पहिली चूक होते. चहा कडू, म्हणून गोड आधी संपवायचं. त्या दिवशी लाल-पिवळ्या मेपलच्या पानाच्या आकाराचं नेरिकिरी होतं. आईने बांबूच्या चपट्या काडीने एक तुकडा कापून तोंडात टाकला, डोळे बारीक केले आणि मला म्हणाली, "अगं, हे तर पुरण!" खरंच आहे ते. पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांचं गोड पुरण, त्यात तांदळाच्या पिठाचा चिकटपणा. अर्धं पान तिने खालच्या कागदात बांधून प्रसादासारखं पर्समध्ये टाकलं. मी शरमेने लाल. पण उरलेली मिठाई त्या कागदात गुंडाळून नेणं तिथे रीतीला धरूनच असतं, हे समोरच्या बाईंनी हसून सांगितलं.

मग चहा. माचा म्हणजे पानांची पूड. तोडणीआधी साधारण तीन-चार आठवडे चहाच्या झुडपांवर सावली धरतात, त्यामुळे कडवटपणा कमी होऊन एक वेगळाच गोडवा येतो. पानं वाफवून, वाळवून, शिरा-देठ काढून दगडी जात्यावर दळतात. जातं इतकं सावकाश फिरतं की तासाभरात जेमतेम चाळीसेक ग्रॅम पूड पडते. वाटीत त्यातली दोन ग्रॅम. चव? कोवळं गवत, थोडा पालक, आणि जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी दुधाळ, दूध नसताना. आईचा अभिप्राय: "औषध म्हणून ठीक आहे." वाटी मात्र तिने खालीवर करून तीनदा बघितली.

ते बघणंही पाहुण्याचं काम आहे, आणि मला या प्रकारात सगळ्यात आवडलं ते हेच: पाहुण्याला कामं आहेत. वाटी आली की शेजारच्याला 'ओसाकि नि' म्हणायचं, म्हणजे 'तुमच्याआधी घेते हं'. मग चहा करणाऱ्याला वाकून 'ओतेमाए चोदाइ इताशिमास'. वाटी डाव्या तळव्यावर ठेवून उजव्या हाताने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने दोनदा थोडी थोडी फिरवायची. यजमानाने वाटीची सगळ्यात देखणी बाजू तुमच्याकडे करून दिलेली असते, त्या बाजूला ओठ लावायचे नाहीत. शेवटचा घोट चक्क आवाज करत ओढायचा, त्याने यजमानाला कळतं की चहा संपला. (आयुष्यभर बशीतला चहा फुरके मारत प्यायलेल्या माझ्या आजोबांना हे आवडलं असतं.) मग कड बोटाने पुसून, वाटी खाली ठेवून, कोपरं गुडघ्यांना टेकवून ती निरखायची. कोपरं टेकवायची कारण वाटी दोनशे वर्षं जुनी असू शकते, आणि सुटलीच तर चार बोटांवरून पडावी. म्हणूनच आत जाताना अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवायचं. अत्तरही नको. एवढ्याशा खोलीत कोळसा, चहा आणि धूप यांचे वास मुद्दाम जपलेले असतात.

यातलं काही विसरलात तर कोणी रागावत नाही. मी दरवेळी काहीतरी विसरलेच.

आता तिसरी वेळ. ऑफिसातल्या एका मैत्रिणीची आत्या घरीच चहा शिकवते. आई परत जायच्या आदल्या रविवारी तिने दोघींना बोलावलं. तिच्या बागेच्या टोकाला साडेचार तातामीची (तातामी म्हणजे जमिनीवरची गवती चटई, खोली तिनेच मोजतात), म्हणजे आपल्या लहानशा बेडरूमएवढी खोली आहे. दगडी कुंडातल्या पाण्याने हात धुवायचे, चूळ भरायची, आणि आत शिरायचं ते भिंतीतल्या एका चौकोनी भोकातून. त्याला निजिरिगुची म्हणतात, उंची जेमतेम 66 सेंटिमीटर. आई बाहेरच थबकली. "चोरासारखं शिरायचं का?" मैत्रिणीने भाषांतर केल्यावर सेन्सेई (म्हणजे आपल्या 'बाई'च) खूप हसल्या आणि म्हणाल्या, सामुराईलाही असंच शिरावं लागायचं, तलवार बाहेर खुंटीवर ठेवून.

हे दार रुळवण्याचं श्रेय सेन नो रिक्यू या चहागुरूला देतात. 1522 चा जन्म, साकाईच्या व्यापारी घराण्यातला. त्याच्या काळात बडी माणसं चहाच्या निमित्ताने चिनी भांडी मिरवायची. रिक्यूने खोली दोन तातामींपर्यंत आकसली, भिंती मातीच्या ठेवल्या, कवेलू भाजणाऱ्या कारागिराकडून हाताने थापलेल्या काळ्या वाट्या करून घेतल्या. गंमत म्हणजे तो ज्या तोयोतोमी हिदेयोशीचा चहागुरू होता, त्या सत्ताधीशाने स्वतःसाठी सोन्याने मढवलेली, सुटी करून कुठेही नेता येणारी चहाची खोली बांधवून घेतली होती. अशी दोन माणसं एका चुलीशी किती दिवस बसणार? 1591 साली हिदेयोशीने रिक्यूला पोट फाडून मरायचा हुकूम दिला. कारणांवर आजही वाद आहे. त्याच्या वंशजांची तीन घराणी, उरासेन्के, ओमोतेसेन्के आणि मुशाकोजिसेन्के, अजून क्योतोत शिकवतात. आपल्या गायकीतल्या घराण्यांसारखंच आहे ते: उरासेन्केवाले चहावर छान फेस आणतात, ओमोतेसेन्केवाले कमी, आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं.

नोव्हेंबर असल्याने जमिनीतली चूल नुकतीच उघडली होती. नोव्हेंबर ते एप्रिल चूल जमिनीत खोल, पाहुण्यांच्या जवळ, ऊब मिळावी म्हणून. मे ते ऑक्टोबर शेगडी वर आणि लांब. तुम्ही एप्रिलमध्ये जाताय, तेव्हा जमिनीतली चूल तुम्हाला शेवटच्या दिवसांत भेटेल. लोखंडी किटलीतून येणाऱ्या आवाजाला ते पाइनच्या झाडीतला वारा म्हणतात. वीसेक मिनिटं खोलीत तेवढाच आवाज होता, आणि रेशमी रुमालाची घडी घालताना होणारी हलकी फट्‌.

चटईवर बसायचं ते वज्रासनासारखं. आई रोज जेवणानंतर तशीच बसते, त्यामुळे इथे ती निवांत होती. 'तुम्हा लोकांना जमत नाही' अशा नजरेने माझ्याकडे बघत होती. विसाव्या मिनिटाला तिच्याही पायांना मुंग्या आल्या. सेन्सेईंनी न विचारताच 'ओराकु नि', म्हणजे आरामात बसा, म्हणून सांगितलं आणि आम्ही मांड्या घातल्या. मग त्यांनी आईपुढे वाटी सरकवली आणि हातात चासेन दिलं, तुम्हीच करा म्हणून. चासेन म्हणजे एकाच बांबूच्या कांडीला चिरून केलेलं, केसांसारख्या ऐंशी-शंभर काड्यांचं घुसळणं. ते मनगटातून पुढे-मागे झरझर हलवायचं असतं. आईने ते दोन तळव्यांमध्ये धरलं आणि ताकाची रवी फिरवावी तसं गर्रकन फिरवलं.

मैत्रिणीचा श्वास अडकला. सेन्सेई पुढे झुकल्या, बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, पुन्हा करा. आईने पुन्हा केलं. मग त्यांनी आईला मनगटाची पद्धत दाखवली, आईने त्यांना हवेत दोरी ओढून रवीची. फेस, प्रामाणिकपणे सांगायचं तर, रवीने अजिबात आला नव्हता.

तर तुमच्या बाबांचं. बुकिंग करतानाच 'र्यूरेई' आहे का, असं विचारा. म्हणजे टेबल-खुर्चीवरचा चहा. ही पर्यटकांसाठी आज काढलेली पळवाट नाही. 1872 सालच्या क्योतोच्या प्रदर्शनात परदेशी पाहुणे येणार म्हणून उरासेन्केच्या अकराव्या प्रमुखाने ती बसवली, आणि जपानी आजी-आजोबाही आता ती आनंदाने घेतात. चटईवरच बसायचं झालं तर छोटं स्टूल मागा, बहुतेक ठिकाणी देतात. बुटक्या दाराबद्दलही आधीच विचारून घ्या, खूप ठिकाणी बाजूला उभ्याने जायचं दार असतं. पायमोजे स्वच्छ आणि शक्यतो पांढरे ठेवा, चटईच्या काठावर पाय देऊ नका. उंबऱ्यावर देत नाही, तसंच.

शाकाहाराचं म्हणाल तर फक्त चहा-मिठाईचा कार्यक्रम घ्या. मिठाई बहुतेक कडधान्य, साखर आणि तांदळाची असते. अंडं चालत नसेल तर 'तामागो' आहे का विचारा, आणि कंद वर्ज्य असतील तर आधी कळवा, काही मांजूंच्या (आत गोड सारण भरलेल्या वाफवलेल्या मिठाईच्या) पिठात कंद असतो. जेवणासह चार तासांचा पूर्ण चहा घेऊ नका, त्यातल्या जवळपास प्रत्येक पदार्थात माशाचं पाणी असतं. आणि रिकाम्या पोटी जाऊ नका. इथे चोथा गाळून टाकत नाहीत, पूडच पोटात जाते. माझ्या एका मित्राला बाहेर आल्यावर चांगलंच मळमळलं होतं.

वेळ कमी असेल तर उजीला अर्धा दिवस काढा, क्योतोतलं एखादं मंदिर कमी करा. आईने तिथून घेतलेलं चासेन नाशिकच्या स्वयंपाकघरात ओट्यावरच्या खिळ्याला लटकतंय. माचाची डबी कधीच संपली. सध्या आई त्या चासेनने नातवाचं चॉकलेट-दूध फेसाळते, मनगटाने.