चार चांगले दात काढायचे की नाही? आधी मिलिमीटर विचारा

प्रश्न: मुलगी ११ वर्षांची आहे, खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेत. दादरच्या एका डॉक्टरांनी तारा लावण्याआधी चार उपदाढा (सुळा आणि दाढा यांच्यामधले दात) काढायला सांगितल्या. मुलुंडच्या दुसऱ्या डॉक्टरांनी एकही दात काढू नका म्हटलं. कोणाचं ऐकायचं? धाकटा मुलगा ७ वर्षांचा आहे, त्याच्या बाबतीत आधीच काही करता येईल का?

उत्तर:

दोघांपैकी एक जण फसवतोय असं लगेच धरू नका. पण आकडा न सांगता दिलेलं मत, मग ते 'काढा' असो की 'काढू नका', अर्धवटच असतं. मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात सरळ करणारा दंतवैद्य आहे, रोजचं काम हेच. दोघांनाही एकच विचारा: दाटी किती मिलिमीटर आहे?

ती मोजायची रीत सोपी आहे. जबड्याचा प्लॅस्टरचा साचा किंवा स्कॅन घेतात. एका बाजूच्या पहिल्या पक्क्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या दाढेपर्यंत दातांच्या कमानीची लांबी मोजली की उपलब्ध जागा कळते. मग मधल्या एकेका दाताची रुंदी कॅलिपरने घेऊन बेरीज करायची. जे दात अजून हाडात आहेत त्यांची रुंदी एक्स-रेवरून किंवा ठरलेल्या कोष्टकावरून धरतात. या दोन्हींतला फरक म्हणजे दाटी. ४ मिलिमीटरपर्यंत असेल तर बहुतेक वेळा दात न काढता भागतं. दातांच्या कडा किंचित घासूनही थोडी जागा मिळते, एका फटीत फार तर अर्धा मिलिमीटर. १० च्या पुढे गेलं की न काढता केलेलं काम टिकणं अवघड. ५ ते ९ च्या पट्ट्यात मात्र दोन चांगले डॉक्टर दोन मतं देऊ शकतात. तुमचं घोडं बहुधा इथेच अडलंय.

या पट्ट्यात निर्णय ओठांवरून होतो. मुलीला बाजूने बघा. ओठ सहज मिटतात का, की मिटताना हनुवटीवर सुरकुत्या येतात? पुढचे दात आधीच बाहेर झुकलेले असतील आणि आहे त्याच जागेत सगळे बसवायचा हट्ट केला, तर ते आणखी बाहेर येतात, खालच्या दातांसमोरचं पातळ हाड आणि हिरडी मागे सरकते. उलट, चेहरा मुळात सपाट असेल तर काढण्याचाही हिशोब करा. पहिली उपदाढ साधारण ७ मिलिमीटर रुंद, दोन्ही बाजूंच्या मिळून १४. दाटी ५ ची असेल तर उरलेले ९ कुठे जाणार? थोडे मागच्या दाढा पुढे सरकून भरतात, बाकीचे पुढचे दात मागे नेऊन. ओठही मग आत जातात. कोणाला ते हवंच असतं, कोणाचा चेहरा त्याने बसका दिसतो. म्हणून साच्याबरोबर ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) आणि सेफॅलोग्राम (डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे) हेही लागतात. नुसतं तोंड उघडून बघून 'चार काढा' म्हणणाऱ्याकडून दात काढून घेऊ नका.

तुमच्या मुलीच्या वयात आणखी एक गोष्ट तपासायची राहिलेली दिसते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. आज टॉर्च घेऊन खालच्या दाढा बघा. सहाव्या वर्षी आलेल्या पक्क्या दाढेच्या अगदी पुढे, मोठ्या चौकोनी आकाराची दुधाची दाढ अजून आहे का? ती जवळजवळ १० मिलिमीटर रुंद असते आणि तिच्या खालून येणारी उपदाढ ७ च्या आसपास. म्हणजे ती पडल्यावर एका बाजूला २ ते अडीच मिलिमीटर जागा मोकळी होते. एरवी मागची पक्की दाढ पुढे सरकून ती जागा खाऊन टाकते. तिला तिथेच धरून ठेवलं तर दोन्ही बाजूंची मिळून ४ ते ५ मिलिमीटर जागा पुढच्या दातांना देता येते. यासाठी लिंग्वल आर्च बसवतात: दोन्ही पक्क्या दाढांवर स्टीलचे बँड आणि पुढच्या दातांच्या मागून जाणारी, सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीची तार. दुधाची दाढ पडायच्या आधी बसवली तरच उपयोग. बँडखालचं सिमेंट सुटलं की दाढ आतून किडते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी दाखवायचं. चिक्की, चॉकलेटची टॉफी बंद. या दाढा आधीच पडल्या असतील तर हा मार्ग गेला.

शेवटी दात काढायचेच ठरले तर काही गोष्टी पक्क्या करून घ्या. काढणारा डॉक्टर वेगळा असेल तर ऑर्थोडॉन्टिस्टची लेखी चिठ्ठी हवी, त्यात दातांचे क्रमांक हवेत. वरच्या पहिल्या उपदाढा १४ आणि २४, खालच्या ३४ आणि ४४. पहिली आणि दुसरी उपदाढ शेजारी-शेजारी आणि दिसायला सारख्या, चूक इथेच होते. एका दिवशी एकाच बाजूचे वर-खालचे दोन काढावेत, दुसरी बाजू आठवड्याने, म्हणजे जेवता येतं. कापसाचा बोळा अर्धा तास दाबून धरायचा, २४ तास चूळ भरायची नाही, स्ट्रॉ वापरायचा नाही. भूल उतरेपर्यंत दोन-तीन तास ओठ चावला जाऊ नये म्हणून लक्ष ठेवा. लहान मुलं बधिर ओठ चघळून सुजवून घेतात. दोन दिवस गार दहीभात, मऊ खिचडी.

आणि दात काढून 'तारा दहावीनंतर बघू' असं करू नका. मोकळी जागा दाढा आपल्या मनाने भरतात, दाटी तशीच राहते आणि चार दात फुकट जातात. तारेने जागा महिन्याला साधारण एक मिलिमीटर या वेगाने मिटते. एकूण उपचार दीड ते दोन वर्षं. नंतर रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारं साधन. तो सोडला की खालचे पुढचे दात परत वाकतात, दात काढले असले तरीही. अक्कलदाढा ढकलतात म्हणून दात वाकतात हा समज जुना आहे. केवळ तेवढ्यासाठी त्या काढू नयेत.

तिसरं मत हवं असेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय. सकाळीच जा आणि एक्स-रे, साचे बरोबर न्या. नोंदी त्याच असतील तरच मतांची तुलना होते.

आता धाकटा. सातव्या-आठव्या वर्षी खालचे पुढचे पक्के दात एक-दोन मिलिमीटर वाकडे दिसणं चालतं. कमान थोडी रुंदावते आणि बरेचदा ते सरळ होतात. त्यांना जागा करायला शेजारचे दुधाचे सुळे काढून घेऊ नका, पुढचे दात आत कलंडतात आणि पुढे पक्क्या सुळ्यालाच जागा उरत नाही. पक्का दात दुधाच्या दातामागून उगवला असेल तर दुधाचा दात हलतोय का बघा. अजिबात हलत नसेल तर तेवढा एक काढावा लागतो.

त्याच्या बाबतीत खरं काम दुधाच्या दाढा वाचवण्याचं. 'पडणारच आहेत' म्हणून किडलेल्या सोडल्या आणि लवकर काढाव्या लागल्या, की मागची पक्की दाढ पुढे येते. दाटी अशीही तयार होते. कीड भरून घ्या, गरज पडली तर रूट कॅनाल आणि स्टीलची कॅप. काढावीच लागली तर स्पेस मेन्टेनर (मोकळी जागा राखून ठेवणारं साधन) लगेच बसवा आणि खालची उपदाढ डोकावली की काढून टाका, नाहीतर तोच तिला अडवतो. सहाव्या वर्षीची दाढ पक्की असते, दुधाची समजून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. तिच्या खाचा सीलंटने (कीड रोखणाऱ्या पातळ लेपाने) भरून घ्या.

तो १० वर्षांचा झाला की वरच्या सुळ्यांच्या जागी, ओठाच्या बाजूने, हिरडीवर बोट फिरवून दोन्हीकडे फुगवटा लागतो का बघायला सांगा. एका बाजूला लागत नसेल तर एक्स-रे काढा. पक्का सुळा टाळूकडे वळत असेल तर दुधाचा सुळा वेळेत काढल्याने तो बऱ्याचदा वाटेवर येतो.