हेडफोन ॲम्पची बॅटरी : मुद्दाम रिकामी करू नका

प्रश्न : ताई, नमस्कार. मी रोज डोंबिवलीहून लोकलने सीएसएमटीला जातो. दीड वर्षापूर्वी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत हेडफोन ॲम्प, म्हणजे हेडफोनचा आवाज वाढवणारं छोटं सर्किट, बांधला. आवाज वाढवणारी चिप (आयसी) ओपीए २१३४ आहे आणि बॅटरी नऊ व्होल्टची रिचार्जेबल, निकेल मेटल हायड्राइड. तिच्यावर ८.४ व्होल्ट आणि क्षमता २०० मिलिॲम्पिअर-अवर असं छापलंय. मित्र म्हणाला, बॅटरीला ‘मेमरी’ लागते, म्हणजे अर्धवट उतरवून भरली की ती पुढे तेवढीच चालते, म्हणून ती पूर्ण उतरवूनच चार्ज करायची. तेव्हापासून दर शनिवारी रात्री ॲम्प चालूच ठेवून झोपतो आणि रविवारी चौदा तास चार्जिंगला लावतो. चार्जर २० मिलिॲम्पिअरचा आहे. आधी एका चार्जवर पंधरा तास गाणं ऐकायचो, आता तीन तासांत तबल्याची थाप फाटायला लागते. चार्जिंग झाल्यावर मीटर ८.१ व्होल्टच दाखवतो. काय चुकतंय?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मीटर लावून आकडा लिहून पाठवलात, त्याबद्दल आधी तुमचं कौतुक. निम्मे वाचक ‘बॅटरी लवकर उतरते’ एवढंच लिहितात आणि मग मला अंदाज बांधावा लागतो. तुमच्या ८.१ या आकड्यात सगळं उत्तर आहे.

तुमच्या बॅटरीच्या पत्र्याच्या कवचात एक नाही, सात छोटे सेल एकावर एक रचलेले असतात. प्रत्येकाचे १.२ व्होल्ट धरले की सातांचे ८.४ होतात. पूर्ण चार्ज करून तासभर बाजूला ठेवलेला निरोगी सेल १.३५ व्होल्टच्या आसपास दाखवतो, म्हणजे मीटरवर ९.४ दिसायला हवेत. तुमचे १.३ कमी आहेत. सातातला एक सेल गेलाय आणि उरलेले सहा त्याचंही ओझं वाहतायत.

तो गेला शनिवारच्या रात्रींमुळे. सात सेल कधीच तंतोतंत सारखे नसतात, एखादा जन्मतःच अशक्त असतो. बॅटरी उतरत आली की तो आधी रिकामा होतो. पण बाकीच्या सहांत जीव असतो आणि ॲम्प चालूच असतो, त्यामुळे त्यांचा करंट त्या रिकाम्या सेलमधून जबरदस्तीने वाहत राहतो. मग त्याची अधिक-उणे बाजू उलटते, आत वायू तयार होतो, दाब वाढला की झडप उघडते आणि आतलं पाणी बाहेर पडतं. एकदा झालं तर सेल कदाचित सावरेल. दर आठवड्याला झालं तर नाही. एकट्या सुट्या सेलला हा धोका नसतो. तुमचा सेल एका माळेत इतरांबरोबर बांधलाय, म्हणून मरतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मिरजेजवळच्या एका तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत मी नोकरी केली. तिथल्या मल्टिमीटरांसाठी अशाच दहा बॅटऱ्या घेतल्या होत्या आणि तुमच्या मित्राने दिला तोच सल्ला मलाही मिळाला होता. दर दिवाळीच्या आणि उन्हाळी सुट्टीत मी टॉर्चचा बल्ब लावून त्या पार विझेपर्यंत उतरवायची. तिसऱ्या वर्षी दहातल्या सात गेल्या होत्या. एक कापून पाहिली. सात बटणं एकावर एक, मधे पातळ पट्ट्या. सहा सेल १.२ दाखवत होते, तळाकडून दुसरा शून्य. त्याच्या कडेला मिठासारखी पांढरी पूड साठली होती. (तुम्ही कापू नका. आत दाहक अल्कली असते, डोळ्यात गेली तर इजा होते.) सरकारी पैशातून आणलेल्या सात बॅटऱ्या माझ्या हातून गेल्या, ती गोष्ट मला अजून लागते. म्हणून तुम्हाला एवढ्या तपशिलात लिहितेय.

मेमरीची गोष्ट खोटी नाही, पण ती दुसऱ्या बॅटरीची आहे. उपग्रहांत निकेल कॅडमिअमचे सेल असत. संगणकाच्या काटेकोर नियंत्रणाखाली ते दर वेळी नेमके तेवढेच, पाव हिस्सा उतरायचे आणि पुन्हा भरायचे. शेकडो वेळा असं झाल्यावर त्या ठरावीक बिंदूच्या पुढे त्यांचं व्होल्टेज लवकर खाली यायला लागलं. लोकलमध्ये गाणं ऐकणारा माणूस रोज नेमकी तेवढीच बॅटरी वापरत नाही. कधी चाळीस मिनिटं, कधी मेगाब्लॉकमुळे दोन तास. शिवाय निकेल मेटल हायड्राइडमध्ये हा दोष फारच थोडा दिसतो. तेव्हा हवी तेव्हा चार्ज करा. अर्धी उतरलेली असताना केली तरी बिघडत नाही, फक्त तेव्हा चौदाऐवजी सात तास पुरे.

तुमची चार्जिंगची पद्धत मात्र बरोबर आहे. क्षमतेच्या दहाव्या भागाने, म्हणजे २०० ला २० मिलिॲम्पिअरने, चौदा ते सोळा तास. दहा तासांचा हिशोब पुरत नाही, कारण घातलेली सगळी वीज साठत नाही, काहीची उष्णता होते. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली दुपारी चार्जिंगला लावू नका. सेल तापला की तो चार्ज नीट धरत नाही. रात्री, गार फरशीवर.

नवी घ्याल तेव्हा वरचा आकडा वाचून घ्या. तशाच दिसणाऱ्या ७.२ व्होल्टच्याही मिळतात, त्यात सहाच सेल असतात. म्हणजे आज तुमची झालीय तशी बॅटरी विकत घेतल्यासारखंच. बाजूला यूएसबीचं भोक असलेल्या लिथियमच्याही आहेत. त्यांतल्या काहींत व्होल्टेज वाढवणारं छोटं सर्किट असतं आणि त्याची किणकिण शांत आलापात ऐकू येते. तानपुऱ्यासाठी मी ती घेणार नाही.

डिस्चार्ज करायचाच असेल तर तपासणीसाठी, वर्षातून एकदा. अर्ध्या वॅटचा २२० ओहमचा रेझिस्टर बॅटरीला लावा. सुमारे ३८ मिलिॲम्पिअर वाहतील. शेजारी मीटर ठेवा, घड्याळ पाहा आणि ७ व्होल्टला रेझिस्टर काढा. ७ च्या खाली जायचं नाही, सेलमागे एक व्होल्ट. पाच तास लागले तर १९० मिलिॲम्पिअर-अवर भरले, बॅटरी ठणठणीत. तीन तासांच्या आत ७ ला आली तर नवी आणायची वेळ झाली. रेझिस्टर लावून झोपायचं मात्र नाही.

आणि शनिवारच्या रात्रीचा प्रश्न कायमचा मिटवायचा तर डबीत तीन भाग वाढवा. ५.६ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेजच्या वरच उलट्या दिशेने करंट जाऊ देणारा डायोड), लाल एलईडी आणि एक हजार ओहमचा रेझिस्टर एकामागोमाग जोडून बॅटरीच्या स्विचनंतर लावा. झेनर उलट्या दिशेने बसवायचा. बॅटरी भरलेली असताना दिवा लख्ख दिसेल आणि ७ व्होल्टच्या आसपास विझेल. दिवा मंदावला की ॲम्प बंद करायचा, मग गाणं कुठेही असो.

प्रश्न : माझ्या छोट्या ॲम्पमध्ये लिथियमचा एक सेल आणि टीपी ४०५६ या चिपचा चार्जर आहे, त्याचा करंट ठरवणारा रेझिस्टर २ किलोओहमचा. चार्जिंगला लावून रात्री ऐकत बसते. पण तांबडा दिवा जाऊन हिरवा लागतच नाही. चार्जर खराब आहे का? आणि महिन्यातून एकदा शून्यावर आणायचा का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चार्जर चांगला आहे. २ किलोओहमला तो सुमारे ५८० मिलिॲम्पिअर देतो. सेल ४.२ व्होल्टला पोचल्यावर करंट हळूहळू कमी होतो आणि त्याच्या दहाव्या भागावर, म्हणजे ५८ वर आला की चार्जर ‘झालं’ म्हणतो. तुमचा ॲम्प स्वतःच साठ-सत्तर ओढत असेल तर आकडा ५८ च्या खाली येणारच नाही. चार्जरला वाटतं, अजून भरतंय. रात्रभर सेल ४.२ वर ताणलेला राहतो आणि त्यानेच म्हातारा होतो. ऐकायचं तेव्हा वायर काढून ऐका. कानालाही फरक कळेल.

शून्यावर मुळीच आणू नका. लिथियमला मेमरीचा त्रास नाही. ३ व्होल्टच्या खाली नेणं त्याला सोसत नाही, पाऊण उतरला की लावा चार्जिंगला. गावाला जाताना महिनाभर ॲम्प ठेवून जाणार असाल तर निम्मा भरलेला ठेवा, मीटरवर ३.८ च्या आसपास. आणि तो कपाटात राहू द्या, उन्हात लावलेल्या स्कूटरच्या डिकीत नको. सेल जरा जरी फुगलेला दिसला, डबीचं झाकण नीट बसेनासं झालं, तर त्याच दिवशी काढा आणि जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रात द्या. घरच्या कचऱ्यात टाकू नका. तुमच्या गल्लीत कचरा वेचायला येणारी बाई तो हातांनी चिवडते.