वाचक विचारतात : सिलिमनाइटची रेषा शंभर अंश का सरकली?

प्रश्न : अँडालुसाइट, सिलिमनाइट आणि कायनाइट ही एकाच रासायनिक सूत्राची (Al₂SiO₅) तीन खनिजं. त्यातल्या अँडालुसाइटचं सिलिमनाइट किती तापमानाला होतं, याचं गणित मांडलं. एन्थॅल्पी (खनिजातली उष्मा-ऊर्जा) अँडालुसाइटची एका तक्त्यातून घेतली (−२५८९.९ किलोज्यूल), सिलिमनाइटची दुसऱ्या तक्त्यातून (−२५८५.७). एन्थॅल्पीतल्या फरकाला एन्ट्रॉपीतल्या (अव्यवस्थेच्या मापातल्या) फरकाने, म्हणजे केल्विनला ४ ज्यूलने, भागलं. एक बार दाबाला उत्तर ७७७° से. आलं, वर्गात बाकीच्यांचं ६७७° आहे. भागाकार पुन्हा तपासला, तरी तेच.
— एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, भंडारा

उत्तर : भागाकार बरोबरच आहे, घोळ दोन तक्ते एकत्र केल्याचा आहे. रॉबी आणि हेमिंग्वे यांच्या १९९५च्या तक्त्यात अँडालुसाइट तुमचंच आहे, पण सिलिमनाइट −२५८६.१. म्हणजे फरक ३.८ किलोज्यूल. ३८०० भागिले ४ = ९५० केल्विन, अर्थात ६७७°. तुमचा फरक ४.२ झाला. जास्तीचे ४०० ज्यूल तसे किरकोळ, पण भागायचं फक्त ४ने, म्हणून सीमा थेट १०० अंश सरकते. कायनाइट–अँडालुसाइटला एन्ट्रॉपीतला फरक ८.६ आहे, तिथे एवढ्याच चुकीने सीमा ४७ अंशच सरकली असती.

दाब धरताना घनफळाचं एकक सांभाळा. १ घन सेंमी म्हणजे ०.१ ज्यूल प्रति बार. हे विसरलं की उतार दहापट चुकतो. कायनाइट ४४.१५, अँडालुसाइट ५१.५२, सिलिमनाइट ४९.८६ घन सेंमी प्रति मोल. दाब–तापमानाच्या आलेखावर कायनाइट–अँडालुसाइट सीमारेषेचा उतार (एन्ट्रॉपीतला फरक भागिले घनफळातला फरक) ८.६ ÷ ०.७३७, म्हणजे अंशाला सुमारे ११.७ बार. तुमच्या रेषेचा उणे २४, कारण सिलिमनाइट अँडालुसाइटपेक्षा घट्ट आहे.

आता दोन्ही रेषा छेदून पाहा. एकाच तक्त्याचे आकडे असतील तर त्रिबिंदू (जिथे तिन्ही खनिजं एकत्र स्थिर असतात) सुमारे ५१५° आणि ३.९ किलोबारला येतो. उष्माधारितेतला (तापमान वाढवायला लागणाऱ्या उष्णतेतला) फरक सोडून दिला तरी हा होल्डअवे यांच्या १९७१च्या प्रयोगातल्या ५०१° आणि ३.७६ किलोबारच्या अगदी जवळ आहे. तुमच्या मिश्र आकड्यांनी तो ५८२° आणि ४.७ किलोबारला जाईल. आणि यात एक धोका आहे : तोच चुकीचा आकडा सगळीकडे वापरला, तर तिन्ही रेषा एका बिंदूत नीट मिळतात आणि काहीच खटकत नाही.

प्रयोगशाळेतही हाच नाजूकपणा नडला. १९६९मध्ये रिचर्डसन आणि सहकाऱ्यांना त्रिबिंदू ६२२° आणि ५.५ किलोबारला मिळाला होता. त्यांच्या नमुन्यात तंतुमय सिलिमनाइट होतं. बारीक तंतूंची ऊर्जा जाड स्फटिकांपेक्षा थोडी वेगळी, आणि इथे तेवढा थोडा फरकही पुरतो. म्हणून तक्ता निवडलात की तिन्ही खनिजांची एन्थॅल्पी, एन्ट्रॉपी आणि घनफळ त्यातूनच घ्या.

प्रश्न : कच्चं कायनाइट घालून केलेल्या भट्टीच्या विटा भाजताना तडकतात. सिलिमनाइटच्या तडकत नाहीत. असं का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : साधारण १३५० अंशांच्या पुढे कायनाइटचं म्युलाइट (उष्णता सोसणारं ॲल्युमिनियम-सिलिकेट) आणि सिलिका होतं, आणि घनफळ १६ ते १८ टक्के फुगतं. सिलिमनाइटचं हेच परिवर्तन १५०० अंशांच्या वर होतं आणि फुगवटाही बराच कमी. कायनाइट आधी वेगळं भाजून घ्या, मगच मिश्रणात घाला. कच्चंच वापरायचं तर बारीक दळून थोडंच घाला. मग त्याचा फुगवटा मातीच्या आकुंचनात जिरतो.