लॅमिनेट फ्लोअरिंग आणि आपल्या घरांतील पाणी

प्रश्न : पुण्यात तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट असून त्यात वीस वर्षांपूर्वीच्या टाइल्स आहेत. त्या न फोडता वर लॅमिनेट फ्लोअरिंग टाकावे, असा विचार आहे. चिपळूणच्या जुन्या घराच्या तळमजल्यावरही तेच टाकावे, असे यजमानांचे म्हणणे आहे. दुकानदाराने दाखवलेल्या फळ्या आठ मिलिमीटर जाडीच्या असून त्या ‘वॉटरप्रूफ’ आहेत, असे तो सांगतो. आमच्याकडे फरशी रोज पाण्याने पुसली जाते. काय करावे?

उत्तर : आपल्या दोन घरांची उत्तरे वेगवेगळी आहेत. पुण्याच्या फ्लॅटमध्ये झोपण्याच्या खोल्यांत आणि हॉलमध्ये लॅमिनेट जरूर टाकावे. स्वयंपाकघर, बाल्कनीलगतची पट्टी आणि न्हाणीघराचा उंबरठा मात्र वगळावा. चिपळूणला ते टाकू नये.

याचे कारण फळीच्या पोटात आहे. वरून सागवानासारखी दिसणारी ही फळी सागवानाची नसते. मधला जाड थर एचडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू राळेत मिसळून प्रचंड दाबाखाली घट्ट केलेल्या पाटाचा असतो. त्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद आणि कागदावर मेलामाइनचे पारदर्शक कवच असते, ज्यात ओरखडे सोसण्यासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण मिसळलेले असतात. सनमायका ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे तत्त्व लगेच कळेल. खालच्या बाजूस फळी वाकू नये म्हणून आणखी एक पातळ थर असतो. कवच पाण्याला दाद देत नाही. पण दोन फळ्यांच्या सांध्यातून किंवा तळातून ओल एचडीएफपर्यंत पोचली की तंतू फुगतात, फळीच्या कडा वर उचलल्या जातात आणि वाळल्यावरही त्या पूर्ववत होत नाहीत. खऱ्या लाकडी जमिनीप्रमाणे रंधा मारून, पॉलिश करून ती सुधारताही येत नाही, कारण रंध्याखाली छापील कागदच निघून जातो.

लॅमिनेट फ्लोअरिंग १९७७ साली स्वीडनमधील पेर्स्टॉर्प कंपनीत जन्मले. तिकडच्या घरांत जमिनीवर बादलीने पाणी ओतण्याची पद्धत नाही. आपल्याकडे मात्र सकाळी बादली, फडके आणि भरपूर पाणी हा स्वच्छतेचा पाया आहे, आणि त्यात गैर काहीच नाही. फक्त ही सवय आणि हे फ्लोअरिंग यांचे जमत नाही. तेव्हा फडके घट्ट पिळून, जमीन मिनिटभरात सुकेल इतकेच ओलसर करून पुसणे आपल्या घरी रोज जमणार आहे का, हे पुसणाऱ्या व्यक्तीशी बोलून आधी ठरवावे. जमणार नसेल, तर दगडाची भुकटी आणि प्लॅस्टिक यांपासून बनवलेल्या एसपीसी फळ्या पाहाव्यात. त्यांच्यात लाकूड नसल्याने त्या पाण्याने फुगत नाहीत.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दाची परीक्षा घरीच करता येते. दुकानातून फळीचा कापलेला तुकडा मागून घ्यावा, त्याची जाडी मोजावी, चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवावा आणि पुन्हा मोजावी. जो दुकानदार तुकडा द्यायला कचरतो, त्याच्याकडून माल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुण्याच्या घरात काम करताना टाइल्सवर दोन मीटर लांबीची सरळ पट्टी फिरवून पाहावी; तिच्याखाली तीन मिलिमीटरहून अधिक फट दिसली तर आधी सपाटी करून घ्यावी. खोकी किमान अठ्ठेचाळीस तास त्याच खोलीत आडवी ठेवावीत, म्हणजे फळ्या तेथील हवेला सरावतात. टाइल्सवर फोमचा पातळ थर येतो आणि त्यावर फळ्या एकमेकींत अडकवून, खाली खिळा किंवा गोंद न लावता, तरंगत्या ठेवतात. फोम आणि फळी मिळून जमीन सुमारे एक सेंटिमीटर उंचावते; म्हणून दारांचे तळ सुताराकडून आधीच रंधून घ्यावेत. भिंतीत बसवायची कपाटे टाइल्सवरच उभी करावीत व फ्लोअरिंग त्यांच्यापर्यंत आणून थांबवावे, कारण जड कपाटाखाली तरंगती जमीन जखडली जाते.

चिपळूणला मात्र ओल खालून येते. कोकणातील जुन्या घरांच्या जोत्यातून पावसाळ्यात दमटपणा वर चढतो, आणि लाकडाच्या तंतूंवर वाळवीचाही डोळा असतो. मे महिन्यात जमीन कोरडी दिसली म्हणून भुलू नये; जुलैमध्ये मीटरभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीवर चिकटवावा आणि दोन दिवसांनी उचलून खाली थेंब जमले आहेत का, ते पाहावे. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी शहरातील घराघरांत शिरले होते. तळमजल्यावर लॅमिनेट असते तर ते सगळे उखडून टाकावे लागले असते. तेथे टाइल्स किंवा शहाबादीच बरी.

प्रश्न : आठ मिलिमीटरऐवजी बारा मिलिमीटरची फळी घेतली तर ती जास्त वर्षे टिकेल का?

उत्तर : जाडीवरून पृष्ठभागाचे आयुष्य ठरत नाही. जाड फळी पायाखाली भरीव वाटते, टपटप आवाज कमी करते आणि तिचे सांधे सहसा अधिक मजबूत असतात. झीज सोसण्याची ताकद मात्र खोक्यावर ‘एसी’ या अक्षरांपुढे छापलेल्या आकड्यावरून कळते. घरातील वर्दळीच्या खोल्यांना एसी ३ पुरते. लहान मुले, कुत्रे किंवा चाकांची खुर्ची असेल तर एसी ४ घ्यावे. त्याच खोक्यावर ‘ई १’ ही फॉर्माल्डिहाइडच्या उत्सर्जनाची मर्यादा दाखवणारी खूणही पाहावी.

प्रश्न : मागच्या वर्षी टाकलेले लॅमिनेट या पावसाळ्यात हॉलच्या मधोमध उंच झाले आहे. पाणी कुठेच सांडलेले नाही. फळ्या बदलाव्या लागतील का?

उत्तर : बहुधा नाही. दमट हवेत फळ्या किंचित प्रसरण पावतात आणि त्यांना सरकायला भिंतीलगत आठ ते दहा मिलिमीटर फट लागते. काम उरकण्याच्या घाईत ती ठेवली गेली नाही, की फळ्या भिंतीला टेकतात आणि मधोमध उचलल्या जातात. स्कर्टिंग काढून सर्व बाजूंनी, दाराच्या चौकटीपाशीही, तपासावे. जेथे फळी टेकली असेल तेथे कारागिराकडून तेवढीच कड कापून घ्यावी; उंचवटा काही दिवसांत आपोआप बसतो. हॉल आणि लगतची खोली यांत सलग जमीन केली असेल, तर दारात फळ्या तोडून तेथे जोडपट्टी बसवून घ्यावी. स्कर्टिंग परत लावताना खिळे भिंतीतच जातील, फळीत नाही, हे उभे राहून पाहावे.