लाल इंजेक्शन बंद करायला सांगू का?

प्रश्न: डॉक्टर, माझ्या सहा वर्षांच्या मुलीला ब्लड कॅन्सर आहे, एएलएल, केमो चालू आहे. त्यात ते लाल इंजेक्शन असतं ना, डॉक्सोरुबिसिन, त्यानं हार्ट खराब होतं असं वॉर्डातल्या एका बाईंनी सांगितलं, तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. बंद करायला सांगू का? हळूहळू सलाईनमधून दिलं तर त्रास कमी होतो म्हणतात, खरं का? आणि सासूबाई अर्जुनसालीच्या काढ्यासाठी मागे लागल्यात, देऊ का?
— एक आई, सांगली जिल्हा

उत्तर: ताई, बंद करायला अजिबात सांगू नका. ल्युकेमिया, म्हणजे हाच ब्लड कॅन्सर, उलटला तर ते हार्टच्या त्रासापेक्षा कितीतरी मोठं संकट. पण त्या बाईंचंही खोटं नाही. या औषधानं हृदयाच्या स्नायूतल्या काही पेशी मरतात आणि त्या जवळपास भरून येत नाहीत, मूल वाढतं पण हृदयाला तेवढ्याच उरलेल्या पेशींवर काम रेटावं लागतं, म्हणून त्रास कधीकधी कित्येक वर्षांनी दिसतो. १९९१ साली बोस्टनच्या संशोधकांनी ल्युकेमियातून बऱ्या झालेल्या ११५ मुलांची तपासणी केली तर ५७ टक्क्यांच्या हृदयाच्या कामात काही ना काही कमी सापडली. घाबरू नका, त्यातल्या बऱ्याच जणांना त्रास काहीच जाणवत नव्हता, आणि तेव्हा काहींना आजच्यापेक्षा बरेच मोठे डोस मिळालेले.

खरी गोष्ट आहे एकूण डोसाची. डॉक्सोरुबिसिन आणि त्याच्याच घरातलं डॉनोरुबिसिन धरून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पर स्क्वेअर मीटर, म्हणजे अंगाच्या पृष्ठभागाच्या हिशेबानं, किती मिलीग्रॅम गेलं? २५० च्या पुढे धोका जास्त, १०० च्या आत बराच कमी. मुली, अगदी लहान वयाची मुलं आणि छातीला रेडिएशन घेतलेले, यांना जरा जास्त जपावं लागतं. हा आकडा डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, तोंडी नको.

सलाईनचं म्हणाल तर मोठ्या माणसांत त्याचा फायदा दिसला होता, म्हणून ल्युकेमियाच्या मुलांमध्येही ४८ तास चालणारी सलाईन करून बघितली, पण हृदय काही जास्त वाचलं नाही. उगाच लेकरू दोन दिवस नळीला बांधलेलं.

उपयोग दिसला तो डेक्सराझोक्सेन या हृदयाला जपणाऱ्या औषधाचा. हे डॉक्सोरुबिसिनच्या आधी, साधारण दहापट डोसात देतात आणि मग अर्ध्या तासाच्या आत लाल औषध सुरू करतात. २००४ साली छापून आलेल्या अभ्यासात ल्युकेमियाच्या २०६ मुलांपैकी नुसतं डॉक्सोरुबिसिन घेतलेल्यांत ५० टक्क्यांच्या रक्तात ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाला इजा झाल्याची खूण, वाढलं. डेक्सराझोक्सेन मिळालेल्यांत २१ टक्के. मधे यानं दुसरा कॅन्सर होतो की काय अशी भीती निघाली, युरोपनं २०११ मध्ये मुलांना देणं थांबवलं, मग २०१७ मध्ये मोठा डोस लागणाऱ्या मुलांसाठी ती बंदी उठवली. तुमच्या मुलीचा एकूण डोस कमीच असेल तर कदाचित याची गरजही नसेल, पण विचारा जरूर, विचारलं म्हणून कुणी रागावत नाही (आणि रागावलं तरी विचारा).

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मात्र चुकवू नका. केमो संपली, केस आले, शाळा सुरू झाली की लोक फाईल कपाटात टाकतात, माझी खरी तक्रार इथे आहे. संपल्यावर दोन वर्षांच्या आत एक इको, पुढे डोस २५० च्या वर असेल तर दर दोन वर्षांनी, १०० ते २५० मध्ये असेल तर दर पाच वर्षांनी. टाटा मेमोरियलमध्ये अशा बऱ्या झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळी क्लिनिक आहे. आणि लेक मोठी होऊन तिचं बाळंतपण येईल तेव्हा तिच्या डॉक्टरला हे सगळं माहीत असायला हवं, म्हणून फाईल तिच्या नावानं जपून ठेवा.

काढा आत्ता नको. केमोची औषधं लिव्हरमधून जातात, त्यात अजून कशाची भर कशाला. सासूबाईंना माझं नाव सांगा, वाईटपणा मी घेतो.