बेसिल फ्रिजमध्ये ठेवू नका, पाण्यात उभी करा

तुम्ही लिहिलंय की कुंडीतली बेसिल (पास्त्यात घालतात ती, तुळशीच्याच कुळातली) तोडली, स्वच्छ धुतली, कोथिंबिरीसारखी कागदात गुंडाळून डब्यात घातली आणि फ्रिजमध्ये ठेवली. तरी दोन दिवसांत काळी पडली. पाणी राहिलं असेल का, कागद बदलायला हवा होता का, असं विचारलंय. पाण्यानं थोडा हातभार लावला असेल, पण खरं कारण फ्रिजच आहे.

कोथिंबिरीला गारवा मानवतो, बेसिलला नाही. ती उष्ण हवेतली वनस्पती आहे. आपण फालुद्यात ज्याच्या बिया घालतो तो सब्जा याच जातीचा. साधारण १२ अंशांच्या खाली गेलं की तिच्या पानांना थंडी बाधते, आणि घरातला फ्रिज असतो ४-५ अंशांवर. एवढ्या थंडीत पेशींची आवरणं फाटतात, आतले रस एकमेकांत मिसळतात, त्यांना हवा लागते आणि पान काळं पडतं. चिरलेलं वांगं काळं पडतं, तसंच हे. म्हणून कागद कितीही बदलला तरी उपयोग नाही. फ्रिजच्या दारातला कप्पा जरा कमी गार असतो, तिथे एखादी रात्र निभावते, त्यापुढे नाही.

मग ठेवायची कशी? काडीसकट तोडायची. नुसती पानं खुडली तर त्यांना पाणी प्यायला जागाच उरत नाही. चार-पाच इंचांची काडी घ्या, पानांची जोडी जिथे फुटते त्या पेराच्या जरा वर कापा. झाडाला तिथून दोन नवे शेंडे फुटतात, म्हणजे झाडही भरतं. खालची पानं काढून टाका, ती पाण्यात बुडली की कुजतात आणि सगळं पाणी नासवतात. पेल्यात दीड-दोन इंच पाणी घ्या, काड्या उभ्या करा आणि ओट्यावर उजेडात ठेवा, पण थेट ऊन नको. पाणी रोज बदला आणि एक दिवसाआड काडीचं टोक धारदार कात्रीनं थोडंसं छाटा. पानं आधी धुवायची नाहीत. वापरायच्या वेळी लागतील तेवढीच धुवा.

एवढं केलं तर आठवडाभर पानं हिरवीगार राहतात. कित्येकदा काड्यांना पांढरी मुळंही फुटतात. ती इंचभर झाली की काडी कुंडीत लावून टाका, नवं झाड तयार.

आता ऋतूप्रमाणे थोडा फरक करावा लागतो. पुण्यात हिवाळ्यात ओट्यावरची हवाच तिला हवी तशी असते, काही करावं लागत नाही. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, वरून पिशवी अजिबात घालू नका. आत घाम धरतो आणि पानांवर काळे ओले डाग येतात. विदर्भातल्या मे महिन्यात उलट. तिथे हवा इतकी कोरडी असते की पानं तासाभरात माना टाकतात, म्हणून वरून पातळ पिशवी सैल घाला, दोन-चार भोकं पाडून. घरात माठ असेल तर पेला त्याच्या शेजारी, सावलीत ठेवा. पाणी सकाळ-संध्याकाळ बदला.

आणि उन्हाळ्यातच होणारी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. पेला आंब्यांच्या अढीजवळ किंवा केळ्यांच्या फण्याजवळ ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्यानं चांगली हिरवी पानंही देठापासून गळतात. पाणी बदलूनही पानं गळत असतील तर आधी आजूबाजूला फळं आहेत का ते बघा.

तोडायची वेळही महत्त्वाची. पालेभाजी पहाटे काढावी असं आपण ऐकत आलोय, पण बेसिल संध्याकाळी तोडलेली जास्त टिकते. दिवसभर उन्हात पानांनी साखर तयार करून साठवलेली असते, तोडल्यावर पानं तिच्यावरच तग धरतात. मात्र सकाळी झाडाला पाणी घातलेलं हवं. तुळशीला संध्याकाळी हात लावत नाहीत म्हणून घरात कुणाला बरं वाटत नसेल, तर दिवेलागणीच्या आधी, ऊन कललं की तोडा. तेवढ्यानंही फरक पडतो.

झाड मंजिऱ्यांवर यायच्या बेतात असेल आणि एकदम खूप पाला निघाला, तर तो पेल्यात साठवत बसू नका. पानं उकळत्या पाण्यात पाच-दहा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, पिळून थोड्या तेलाबरोबर वाटा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. हिरवा रंग टिकतो, आणि एक-एक खडा सरळ पास्त्यात किंवा सूपमध्ये टाकता येतो. वाळवण्याच्या फंदात मी पडत नाही, बेसिलचा निम्मा जीव तिच्या वासात आणि तोच उडून जातो. ताजी पानं तेलात बुडवून बाटली बाहेर ठेवायचं तर कटाक्षानं टाळा, लसूण घातला असेल तर अधिकच. तेलाखाली हवा पोचत नाही आणि तिथे बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. त्यांच्या विषाचा वासही येत नाही, चवही कळत नाही.

तुमच्या डब्यातली काळी पानं बुळबुळीत झाली नसतील आणि त्यांना कुबट वास नसेल, तर खायला हरकत नाही. आजच टोमॅटोच्या सॉसमध्ये शिजवून टाका. बुळबुळीत झाली असतील तर सरळ कंपोस्टमध्ये घाला.