चपला आधी खाली काढ

पत्र थोडक्यात असं: "माई, आमच्या ह्यांची (वय ६३, शुगर आहे) सात आठवड्यांपूर्वी बांबोळीच्या हॉस्पिटलात बायपास झाली. परवाच्या चेकअपला डॉक्टर खूश होते, बायपाससाठी ज्या पायाची शीर काढली तो पाय तेवढा संध्याकाळी थोडा सुजतो. पण हे आराम म्हणून करत नाहीत. आंघोळ मी घालते, शर्टाची बटणं मी लावते, जेवण खाटेवर नेऊन देते, तरी चिडचिड. शेजारीण म्हणाली तीन महिने उंबरा ओलांडू द्यायचा नाही. चपला कपाटावर ठेवल्या तर परवा पाव-पोई विकणाऱ्या पदेराच्या हॉर्नचा पों पों ऐकून अनवाणीच फाटकापर्यंत गेले. दोन दिवस बोलत नाहीत माझ्याशी. ह्यांना आराम करायला कसं लावू? - एक बायको, फोंडा"

चपला कपाटावर ठेवल्या! अख्ख्या पत्रात हे तू जाता जाता लिहून टाकलंस आणि मी तिथेच अडकले गो. नवऱ्याचं पथ्यपाणी, आंघोळ, बटणं सगळं वाचलं, मोठी सेवा करतेस, पण शाबासकी हवी असेल तर ती शेजारणीकडे माग, मी आज देणार नाही.

कारण बघ काय केलंस. शुगरवाला माणूस, त्यातून एक पाय शीर काढलेला, सुजणारा, आणि तो तू ऐन पावसात शेवाळलेल्या चिऱ्यांवरून अनवाणी पाठवलास. शुगरमध्ये पायाला काटा रुतला तरी कधी कधी कळत नाही आणि जखम झाली की भरता भरत नाही, हे तुला मी सांगायला नको. आणि घसरले असते तर? घसरणारा माणूस आधी हात टेकतो, त्या हातांवरचा सगळा भार जातो छातीवर, आणि छातीचं हाड मधोमध कापून स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं बाई. ते सांधायला सहा ते आठ आठवडे, नीट पक्कं व्हायला तीनेक महिने. शेजारणीचे तीन महिने बहुतेक इथूनच आले असणार, हाडाचे महिने तिने उंबऱ्याला लावले. बाळंतीण आहे का तो?

चालायचं तर त्यांनी आहेच. पडून राहिलं की पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, छातीत कफ साठतो, पोट साफ होत नाही (आणि तिथे जोर काढणं ह्या दिवसात वाईटच), अंगातली ताकद जाते ती वेगळीच. डिस्चार्जची फाईल काढून बघ, चालायला सांगितलेलं असणारच. बायपासवाल्यांना हॉस्पिटलातच दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून चालवायला लागतात, आणि तू सातव्या आठवड्यात खाटेवर ताट नेतेस!

लपवायचंच असेल ना, तर योग्य ते लपव. स्कूटरची चावी खुशाल लपव, डॉक्टर हो म्हणेपर्यंत देऊ नकोस, एका खड्ड्यात हँडलचा झटका पुरे होतो. विहिरीचा दोर लपव, कारण दोर ओढणं म्हणजे सगळं छातीवरच. भरलेली कळशी, गॅसचा सिलिंडर, तांदळाची पिशवी ह्याला हात नाही, आणि बसमध्ये वरची दांडी धरून उभं राहणं पण नको. खाटेवरून उठताना हातांनी रेटून उठत असतील तर ते मात्र ओरडून थांबव: कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि मग उठायचं. खोकला आला की छातीला उशी घट्ट धरायची. बटणं त्यांची त्यांना लावू दे गो, बटणाला काय वजन असतं?

आता त्या अबोल्याचं. ऑपरेशननंतर काही आठवडे मन खाली जातं, माणूस चिडतो, टीव्हीवरची सिरियल बघून सुद्धा डोळे भरतात, हे खूप जणांना होतं आणि बहुतेकांचं हळूहळू निवळतं. नाही निवळलं तर डॉक्टरला सांगायचं, लाजायचं नाही. पण तुझ्या घरातल्या चिडण्याचं कारण मला तरी कपाटावर दिसतंय. छाती उघडून परत आलेला माणूस स्वतःच्या पायांनी जाऊन एक पोई विकत घ्यायला निघाला आणि बायकोने त्याच्या चपला लपवल्या. मी असते तर चार दिवस बोलले नसते.

तुला भीती वाटते ते कळतं मला. रात्री उठून त्यांचा श्वास चालू आहे का बघत असशील, लिहिलं नाहीस तरी. म्हणून उद्या त्यांना एकट्याला पाठवू नकोस, तू बरोबर जा. फाटकापर्यंत, मग परवा तिठ्यापर्यंत, जेवल्या जेवल्या नाही, मोठ्या पावसात नाही. चालता चालता त्यांना गप्पा मारता आल्या पाहिजेत, वाक्य तुटायला लागलं की थांबायचं, बसायचं. घरी आले की पाय स्टुलावर वर ठेवायचे आणि तळवे तू डोळ्यांनी बघायचे. छातीत दुखलं, बसल्या बसल्या धाप लागली, चक्कर आली तर शेजारणीला नाही, १०८ ला फोन. हाडात कटकट वाजलं, जखमेतून पाणी आलं, ताप आला, एकच पाय अचानक जास्त सुजून दुखायला लागला, किंवा एक-दोन दिवसात वजन दीडेक किलोने वाढलं, तर त्याच दिवशी डॉक्टरला कळव. वजनकाटा नसेल तर आण एक.

उद्या सकाळी पदेर यायच्या आधी चपला पायरीवर पाहिजेत. पावसाचे दिवस आहेत, बुरशी धरली असेल, पुसून ठेव, तळवे गुळगुळीत झाले असतील तर मागून पट्टा असलेल्या नवीन घे. आणि कपाटावरून त्या तूच काढ हां, त्यांना हात वर ताणून काढायला लावू नकोस.